यजमान प्रतिसाद देत नाहीत

सकाळी विद्यापीठाचा दवाखाना उघडून सिस्टर कॉम्प्युटरपुढे बसल्या आणि पहिलाच मेल वाचून चष्मा पुसायला लागल्या. पुसून पुन्हा वाचला, तरी तेच.

"आपले यजमान प्रतिसाद देत नाहीत. कृपया तातडीने लक्ष घालावे. नेटवर्क कार्यालय."

त्यांना आधी हसू आलं आणि मग चांगलाच राग आला. अहो, आपला नवरा प्रतिसाद देत नाही हे बाईला मेल करून कळवायचं असतं का? त्या काय झोपल्या होत्या इतकी वर्षं? "चहा ठेवू का?" म्हटलं की "हं." "जरा पाय मोकळे करून या की." "हूं." फारच लाडात आले तर "बघू." पण झालं तरी ही चार भिंतीतली गोष्ट. ती विद्यापीठाच्या नेटवर्क ऑफिसपर्यंत पोचवली कुणी? त्यांचा पहिला संशय शेजारणीवर गेला. शेजारीण तोंडाची फाटकी होतीच, पण "तातडीने लक्ष घालावे" असलं काही बोलण्याइतकी तिची भाषा शुद्ध नव्हती. म्हणजे ती नव्हे.

खरी भानगड सुरू झाली होती ती दोन-तीन महिन्यांपूर्वी, आणि तिच्या मुळाशी होते परिभाषावाले सर.

झालं होतं असं की आवारात जे जे यंत्र नेटला जोडलंय त्याची नोंदणी करायची असा फतवा निघाला, आणि सगळा कारभार आपल्या भाषेतच व्हावा असं त्यात वर जोडलं. अर्ज आपल्या भाषेत आणायचं काम परिभाषावाल्या सरांकडे गेलं. सर तसे भले गृहस्थ. फक्त एखादा शब्द चार माणसांना कळतोय असं दिसलं की त्यांना चैन पडायचं नाही; तो बदलल्याशिवाय जेवण जायचं नाही. त्यांनी तो अर्ज इतका घासूनपुसून लख्ख केला की त्यात कॉम्प्युटर नावाची वस्तूच उरली नाही.

अर्जाचं नाव होतं "संगणक नोंदणी". आता तुम्हीच सांगा, याचा अर्थ काय घ्यायचा? सिस्टरनी घेतला तोच कुणीही घेतला असता: संगणकावर करायची नोंदणी. दवाखान्यात त्याच आठवड्यात नवाकोरा कॉम्प्युटर आला होता, त्यावर बसून अर्ज भरा असा निरोप होता, त्या बसल्या. पहिलाच प्रश्न: "यजमानाचे नाव". आणि पुढचे सगळे प्रश्न पाहून तर त्यांची खात्रीच पटली की विद्यापीठाला उशिरा का होईना पण शहाणपण सुचलं, कर्मचाऱ्यांच्या घरच्या माणसांच्या तब्येतीची नोंद होतेय. उभा जन्म केसपेपर भरण्यात गेलेल्या बाईला यात अवघड काय होतं? त्यांनी झरझर भरून टाकला.

यजमानाचे नाव: त्यांनी नवऱ्याचं संपूर्ण नाव टाइप केलं. एरवी त्या "अहो"वर भागवत, त्यामुळे ते नाव पडद्यावर उमटलेलं पाहून जरा लाजल्याच. भौतिक पत्ता: कर्मचारी वसाहत, पाण्याच्या टाकीमागचं बैठं घर. निर्मितीचे वर्ष: हा शब्द त्यांना जरा जड वाटला, पण जन्मसाल लिहिलं. स्मृती: "जुनं सगळं लक्षात आहे. चष्मा कुठे ठेवला ते नाही." कार्यप्रणाली: "पोट साफ. रक्तदाब किंचित वर." विषाणूप्रतिबंधक शेवटचे केव्हा दिले: "थंडीच्या आधी, मीच टोचलं, डाव्या दंडात." अतिरिक्त तापते का: "नाही, क्वचित कणकण."

मग एक प्रश्न आला, "चालू असताना आवाज येतो का?"

इथे मात्र सिस्टरचा हात थांबला. बाहेर बाकावर एक खोकणारा पेशंट बसला होता, त्यालाही त्यांनी ताटकळत ठेवलं. शेवटी त्यांनी लिहिलं, "पूर्वी यायचा."

त्याचं काय होतं, यजमान बस स्थानकावर घोषणा करायचे. शहराच्या मोठ्या स्थानकात वरच्या मजल्यावर काचेची एक खोली होती, तिच्यात माईकपुढे बसून अमुक गाडी तमुक फलाटावर लागली हे सांगायचं, एवढीच नोकरी. पण असं सांगायचे की गाव सोडून चाललेल्या माणसालाही वाटावं, आपल्याला कुणीतरी पोचवायला आलंय. सिस्टरनी त्यांना बघितलं नंतर, आधी ऐकलं. तेव्हा त्या नर्सिंग शिकत होत्या, रोजच्या गाडीनं जायच्या आणि रोज उशीर करायच्या. एके सकाळी पांढऱ्या गणवेशात, बॅग सावरत, धापा टाकत फलाटाकडे पळत असताना वरून आवाज आला होता, "कृपया लक्ष द्या. मागून एक सिस्टर धावत येत आहेत. चालकांनी जरा दम धरावा." सगळं स्थानक वळून बघायला लागलं. सिस्टर लाजेनं अर्धमेल्या झाल्या, पण गाडी थांबली. दुसऱ्या दिवशी त्या मुद्दाम वेळेवर आल्या, फक्त काचेच्या खोलीत कोण बसतं ते बघायला. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

मग स्थानकात मशीन आलं. त्यात एका बाईचा आवाज भरलेला होता. यजमानांना निरोपाला एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं, ते घेऊन ते घरी आले, कोट खुंटीला टांगला आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसले, ते बसलेच. सिस्टरनी रागावून पाहिलं, लाडीगोडी लावून पाहिली, घसा तपासला, कान धुतले. कुठे काही बिघाड नव्हता. बिघाड नसलेल्या माणसाला बरं कसं करायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

तर, अर्ज गेला आणि आठ-दहा दिवसांत यजमानांच्या नावाचं एक कार्ड घरी आलं. त्यावर छापलं होतं, "यजमान. जुने, चालू स्थितीत." सिस्टर म्हणाल्या, "बघा, विद्यापीठानं तरी मान्य केलं." यजमान "हं" म्हणाले, पण कार्ड खिशात ठेवलं. आजवर फाटकावर त्यांना जातायेता पाहुणा म्हणून सही करावी लागायची, राहत्या घरी! आता कार्ड दाखवलं की आडवा दांडा आपोआप वर जायचा. त्यांना ते आवडलं असावं. कारण नसताना ते दिवसातून एकदा बाहेर जाऊन परत येऊ लागले, आणि सिस्टरना वाटलं, चला, गाडी रुळावर येतेय. तेवढ्यात हा मेल येऊन थडकला.

सिस्टर तडक नेटवर्क ऑफिसात गेल्या. तिथे यंत्रांना सोसावं म्हणून इतकी थंडी करून ठेवलेली असते की माणसानं काय ते आपलं बघावं. तिथले इंजिनिअर साहेब बारा महिने मफलर गुंडाळून, नाक पुसत बसायचे. सिस्टरचे ते कायमचे गिऱ्हाईक. नाकात थेंब घालून घ्यायला दिवसाआड दवाखान्यात हजर.

"साहेब, हे काय लिहिलंय?" सिस्टरनी मेलचा कागद पुढे केला. "माझ्या घरातल्या गोष्टीत तुम्ही कशाला नाक खुपसता? आधीच ते चोंदलेलं."

साहेब कागद वाचता वाचता दोनदा शिंकले. मग त्यांनी अर्ज उघडला. वाचत गेले तसा त्यांचा मफलर हळूहळू सुटत गेला. "डाव्या दंडात?" ते म्हणाले. "सिस्टर, अहो, हे काय करून ठेवलंत? यजमान म्हणजे होस्ट! होस्ट म्हणजे कॉम्प्युटर! तुम्ही नवरा रजिस्टर केलात!"

"मग कॉम्प्युटर लिहायला काय हात मोडले होते?" सिस्टरचा पारा चढला. "यजमान म्हटल्यावर बाई कुणाचं नाव लिहील? शेजाऱ्याचं?"

साहेबांनी परिभाषावाल्या सरांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. सर पलीकडून अत्यंत समाधानानं म्हणाले, "शब्द अगदी चपखल आहे. जो आलेल्या माहितीचं आदरातिथ्य करतो तो यजमान. बाईंच्या यजमानांनी ते केलं नसेल, तर तो शब्दाचा दोष नव्हे." आणि त्यांनी फोन ठेवला.

"ठीक आहे," सिस्टर म्हणाल्या, "चूक झाली. खोडून टाका."

"तिथेच तर घोडं अडलंय." साहेबांनी नाक पुसलं. "दुरुस्ती यजमानाकडूनच घेतली जाते, म्हणजे दुसऱ्यानं कुणी घोळ घालू नये म्हणून. त्याआधी यजमान जिवंत आहे हे सिद्ध व्हावं लागतं. सिस्टीम रोज त्याला साद घालते. तुम्ही पत्ता घरचा दिलाय, म्हणून ती घरच्या इंटरकॉमवर साद घालते. ते नुसतं 'आहे' म्हणाले तरी सुटलो. पण ते काही बोलतच नाहीत."

"आणि नाहीच बोलले तर?"

"शुक्रवारी शेवटची साद. मग मृत यंत्र म्हणून नोंद. कार्ड बंद, आणि यंत्र आवाराबाहेर, समोरच्या गोदामात. हमाल येतात ट्रॉली घेऊन."

"अहो, पण तो माणूस आहे!"

"मला दिसतंय, सिस्टर. पण मला दिसून काय उपयोग? सिस्टीमला दिसायला पाहिजे."

"मग पाहुणे म्हणून परत येऊ द्या त्यांना. आधी येतच होते."

"मृत यंत्र पाहुणा म्हणून घेत नाहीत," साहेब खाली मान घालून म्हणाले. "व्हायरस असतो ना."

सिस्टरनी कपाळावर हात मारून घेतला. घर त्यांच्या नोकरीचं, आवारातलं. नोकरी अजून बरीच शिल्लक. म्हणजे शुक्रवारनंतर त्या फाटकाच्या आत आणि नवरा फाटकाच्या बाहेर, अडगळीत. एका शब्दावर संसार अडला होता, आणि तो शब्द बोलायचा होता अशा माणसानं की ज्यानं शब्द टाकून दिले होते.

दुसऱ्या दिवशी त्या यजमानांना हाताला धरून नेटवर्क ऑफिसात घेऊन गेल्या. साहेबांनी त्यांना खुर्चीवर बसवलं, सगळ्या बाजूंनी पाहिलं आणि म्हणाले, "साधारणपणे आम्ही आधी बंद करून पुन्हा चालू करतो." सिस्टर म्हणाल्या, "दुपारी जेवून झोपतात, मग उठतात. रोज होतं ते." साहेबांनी ते लिहून घेतलं. मग त्यांनी "सुटं झालंय का कुठे काही?" असं विचारलं, आणि सिस्टरनी इतक्या रागानं बघितलं की ते पुढे काही बोललेच नाहीत. त्यांना आणखी एक शिंक आली. यजमानांनी खिशातला रुमाल काढून त्यांना दिला. पण तोंडातून चकार शब्द काढला नाही.

गुरुवारी सिस्टरनी अर्धी रजा टाकली आणि इंटरकॉमपाशी ठाण मांडून बसल्या. साद यायची ती त्या कामावर असताना यायची, म्हणून त्यांनी ती कधी ऐकलीच नव्हती. घंटा वाजली. यजमानांनी सवयीनं बटण दाबलं. एक गुळगुळीत बाई एका दमात बोलून गेली, "यजमान आपण आहात का असल्यास आहे म्हणा धन्यवाद." आणि बंद.

"बोला की हो!" सिस्टर ओरडल्या. "एक 'आहे' म्हणायला दातखीळ बसली का तुमची? उद्या उचलून नेतील, कळतंय का? मी काय गोदामात डबा पोचवत बसू?"

यजमानांनी इंटरकॉमकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "तीच आहे ती."

"कोण ती?" सिस्टर दचकल्याच. तीन शब्द! एकदम!

"स्थानकावरची. माझ्या जागेवर आली ती. तोच आवाज." त्यांचा घसा खरखरत होता. "बघितलंस ना? थांबत नाही. विचारते आणि उत्तराला थांबत नाही. तिकडेही तसंच करते. म्हातारं माणूस जिन्यात असतं, पोराला घेतलेली बाई फलाट शोधत असते, आणि हिनं 'सुटत आहे' म्हणून टाकलेलं असतं. कोण राहिलं, कोण चुकलं, हिला काय त्याचं?"

"अहो, मग एवढं मनात होतं तर बोलायचंत माझ्याशी! मी काय मेले होते?"

"तुला काय सांगायचं," यजमान म्हणाले. "ती तिथे बसली त्या दिवशीच मी संपलो. आता तिलाच कशाला सांगू, आहे म्हणून? नाहीच आहे मी."

आणि उठून आत गेले. लोकांच्या जखमा धुता धुता डोळ्यातून टिपूस न काढणारी बाई, ती इंटरकॉमखाली बसून पदर तोंडाशी धरून रडली. त्यांना राग आला होता तो सगळ्यांचाच: त्या बाईचा, परिभाषेचा, सिस्टीमचा, आणि सगळ्यात जास्त या माणसाचा, जो नसण्यावर इतका हटून बसला होता.

शुक्रवार उजाडला. शेवटची साद आहे म्हणजे संध्याकाळी मुदत संपतानाच असेल, तोवर घरी जाऊन पाया पडू, नाहीतर गचांडी धरू, असा सिस्टरचा हिशोब. दुपारी त्या वसतिगृहाच्या आचाऱ्याच्या भाजलेल्या हाताला मलम लावत होत्या, तेवढ्यात इंजिनिअर साहेब आले, नेहमीच्या खाटेवर आडवे झाले आणि नाक वर केलं. सिस्टरनी थेंब सोडले.

"शुक्रवारी हमाल लवकर सुटतात," साहेब डोळे मिटूनच म्हणाले. "म्हणून घरची साद दुपारीच उरकली. आता फाटकावर एकदा विचारेल, तेवढीच शेवटची. ट्रॉली गेलीये तुमच्याकडे. म्हटलं, येतोच आहे तर सांगावं."

"आणि हे तुम्ही आत्ता सांगताय? नाकात औषध घालून झाल्यावर?"

सिस्टरनी मलमाची डबी आचाऱ्याच्या हातात कोंबली आणि पळत सुटल्या. घरी पोचल्या तर दार सताड उघडं. ओट्यावर शेजारीण उभी होती. "अहो, हमाल बिचारे म्हणत होते, काका, आम्ही सावकाश उचलतो हं. तर हे म्हणतायत कसले, काहीच नाही, आत गेले, कोट घालून आले, स्थानकावरचा तो जुना, आणि स्वतःच चढून बसले ट्रॉलीवर. हमालांनी पावती दिली बघा." पावतीवर लिहिलं होतं, "यजमान, नग एक."

सिस्टरनी पावती तिथेच टाकली आणि फाटकाच्या रस्त्याला लागल्या. ग्रंथालयाच्या वळणावर चपलेचा अंगठा तुटला. त्यांनी दोन्ही चपला हातात घेतल्या. दम लागला होता, बाजूनं मुलं बघत होती, बघू देत. लांबच लांब सरळ रस्ता, त्याच्या टोकाला फाटक, आणि फाटकापाशी पोचत आलेली ट्रॉली. तिच्यावर दोन मोडकी छपाईयंत्रं, कॉम्प्युटरचा एक फुटका पडदा आणि त्यांच्यामध्ये एका यंत्राला पाठ टेकून, कोटाची बटणं लावून, ताठ बसलेला त्यांचा नवरा. कुणी वाटेत उतरवून घेईल अशी आशाच नसलेला माणूस कसा बसतो, तसा.

त्यांनी "अहो!" म्हणून हाक मारायला तोंड उघडलं. आवाज फुटेना. छातीचा भाता झाला होता, नुसती हवा आली.

ट्रॉली दांड्यापाशी थांबली. खांबावरच्या डब्यातून तीच बाई बोलली, आणि ती इतकी मोठ्यानं बोलली की सिस्टरना तिथवर ऐकू आलं. "यजमान ही शेवटची साद आहे आपण आहात का असल्यास आहे म्हणा धन्यवाद."

हमालांनी एकमेकांकडे बघितलं. एक जण म्हणाला, "काका, म्हणा की हो. आमचं काय जातंय, पण म्हणा." यजमान समोर बघत राहिले. दांडा कुरकुरत वर गेला. हमालांनी ट्रॉलीला रेटा दिला, चाकं वळली, आणि त्या वळण्यानं यजमानांचं तोंड मागच्या रस्त्याकडे झालं.

रस्त्यावर हातात चपला घेऊन एक बाई पळत येत होती. पांढरा कोट, सुटलेला अंबाडा, पाय वेडेवाकडे पडतायत. तिला गाडी मिळणार नव्हती, हे कुणालाही दिसत होतं.

पण ते दिसायला बघणारा माणूस तिथे असावा लागतो.

यजमान ट्रॉलीवर उठून उभे राहिले. घसा खाकरला. आणि इतकी वर्षं खुंटीला टांगून ठेवलेला तो आवाज, तसाच्या तसा, सगळ्या आवारावर पसरला. "कृपया लक्ष द्या."

ते थांबले. पहिल्यापासून थांबायचे तसे थांबले, सगळ्यांना माना वळवता येतील एवढं. झाडाखाली बसलेली मुलं उठून उभी राहिली. ग्रंथालयाच्या खिडक्या उघडल्या.

"मागून एक सिस्टर धावत येत आहेत. त्या आल्याशिवाय गाडी सुटणार नाही. चालकांनी जरा दम धरावा."

हमालांनी ट्रॉली अशी गपकन थांबवली की फुटका पडदा खाली पडून आणखी फुटला. खांबावरचा डबा खरखरला आणि बाई घाईघाईनं म्हणाली, "प्रतिसाद मिळाला यजमान चालू स्थितीत आहेत धन्य..."

"थांबा जरा," यजमान तिच्याकडे वळून म्हणाले. "माझं संपलेलं नाही."

आणि आश्चर्य म्हणजे बाई थांबली.

"सिस्टर," यजमानांनी पुन्हा रस्त्याकडे तोंड केलं, पण आता आवाज उतरवून, एकाच माणसाला सांगावं तसा. "सावकाश या. पळू नका. पायात काटा जाईल. मी आहे."

सिस्टर रस्त्याच्या मधोमध फतकल मारून बसल्या आणि हसतायत की रडतायत ते त्यांचं त्यांनाही कळेना. वर गेलेला दांडा ट्रॉलीच्या पुढे खाली आला. यजमान ट्रॉलीवरून उतरले, चालत आले, त्यांच्या हातातल्या चपला घेतल्या, आणि दोघं घरी गेले. वाटेत डावीकडे काय आहे, उजवीकडे काय आहे, कुठे खड्डा आहे, सगळं ते सांगत होते.

हमालांची मात्र पंचाईत झाली. पावतीवर नग एक लिहिलेला, आणि नग तर चालता झाला. आवारात नोंद नसलेलं दुसरं कोणतं यंत्र आहे का म्हणून शोधाशोध केली, तेव्हा दवाखान्यातला नवाकोरा कॉम्प्युटर सापडला, ज्याची नोंद कुठल्याच कागदावर नव्हती. तो त्यांनी गोदामात नेऊन ठेवला. अजून तिथेच आहे म्हणतात.

त्यामुळे पुढचा मेल काही सिस्टरना दिसला नाही. तो कागदावर छापून इंजिनिअर साहेब स्वतः घेऊन आले, महिन्याभरानं, मफलरमधून डोकावत. थेंब घालून घ्यायच्या आधीच त्यांनी तो पुढे केला. "आपले यजमान प्रमाणाबाहेर प्रतिसाद देत आहेत. सादेच्या आधीही देतात, नंतरही देतात, आणि सादेला मध्येच थांबवून तिला बोलायला शिकवतात. जाळ्यावर ताण येत आहे. कृपया मर्यादा घालावी."

तेवढ्यात दवाखान्याचा इंटरकॉम वाजला. "कृपया लक्ष द्या," यजमान म्हणाले, आणि थांबले. बाकावरचे पेशंटही थांबले. "सिस्टरनी आज पुन्हा डबा घरीच ठेवलेला आहे. डबा घेऊन मी निघालो आहे. त्यांनी उगाच बिस्किटांवर भागवू नये."

साहेब हताश होऊन सिस्टरकडे बघत राहिले. "काय उत्तर देऊ ऑफिसला?"

सिस्टरनी त्यांचा कागद उलटा केला, औषधं लिहायचं पेन घेतलं आणि औषधाच्याच अक्षरात लिहून दिलं: "मर्यादा घालता येणार नाही. खूप वर्षांचं साठलेलं आहे. बोलू द्या."

मग म्हणाल्या, "झोपा आता. नाक वर करा."